दोन कुत्री, दोघांचे नखरे वेगळे आणि घर वन बीएचके. कसं जमवता तुम्ही लोक?

पोपटची_आई

नमस्कार मंडळी, आत्तापर्यंत वाचनमात्रच होते, आज धागा काढतेय कारण झोप पूर्ण झालेली नाहीये आणि ऑफिसमध्ये ज्यांना सांगते ते सगळे "मग पाळलीत कशाला" म्हणतात.

तर आमच्याकडे दोन मेंबर आहेत. पोपट, बीगल, वय सात. आणि आवडी, देशी, तीनेक वर्षांची, आमच्याच गल्लीतली, पावसात रिक्षाखाली अंग चोरून बसलेली असायची, नवऱ्याने "फक्त आजच्या रात्रीपुरती" म्हणून वर आणली आणि आता त्याच्याच उशीवर झोपते. मुलुंड पूर्वेला राहतो, तिसरा मजला, घरात आम्ही दोघं आणि सासूबाई.

पोपटचं सगळं आयुष्य खाण्याभोवती. पहाटे साडेचारला पलंगाशी येऊन आधी मोठा सुस्कारा टाकतो, मग गादीच्या कडेवर पंजा मारतो, तरी कोणी उठलं नाही तर मान वर करून ती बीगलची लांबलचक तान लावतो, ज्यांच्याकडे बीगल आहे त्यांना माहितीये मी काय म्हणतेय, ते भुंकणं नव्हेच. समोरच्या फ्लॅटमधल्या काकूंचा दिवा लागतो आणि मग मी धावत जाऊन वाटी भरते. आवडीला खाण्याचं काही पडलेलं नाही, वाटीत चिकन असलं तरी वास घेऊन निघून जाते, पण तिला माणूस लागतो. नवरा बाथरूममध्ये गेला की दाराच्या फटीत नाक. मी पोपटला कुरवाळायला घेतलं की मधे घुसून माझ्या हाताखाली डोकं सरकवते. आणि आम्ही दोघांनी एकदम चपला घातल्या की उंबऱ्यावर आडवी पडते, अक्षरशः ओलांडून जावं लागतं, मग खाली पार्किंगपर्यंत तिचं केकाटणं ऐकू येतं. सासूबाई घरात असल्या तरी! त्यांना ती मोजतच नाही.

त्यात आता पाऊस. आवडी पावसात पाय ठेवत नाही, सकाळची शू दुपारपर्यंत दाबून ठेवते. पोपट दिसेल त्या डबक्यात तोंड घालतो. एकाच वेळी दोघांना खाली नेलं की एक मागे ओढतो एक पुढे, मधे मी आणि छत्री.

विचारायचंय ते असं. पहाटेचं हे कसं थांबवायचं? दुसरं म्हणजे नोव्हेंबरमध्ये भाचीचं लग्न आहे कोल्हापूरला, सख्खी भाची, आम्हा तिघांनाही जाणं भागच आहे, तीन रात्री यांचं काय करायचं? आवडी आल्यापासून आम्ही दोघं एकत्र असे मुक्कामाला कुठे गेलोच नाही. आणि तिसरं, सोसायटीने लिफ्टमध्ये नोटीस लावलीये की कुत्र्यांना जिन्याने न्यावे, पोपटचं वजन आणि कंबर बघता तीन मजले रोज चार वेळा योग्य आहे का?

एक विनंती, "एकाला देऊन टाका" लिहू नका. ते होणार नाहीये.

खारी_बटर

"फक्त आजच्या रात्रीपुरती" 😄 आमच्याकडे याच वाक्याने दोन मांजरी आल्यात. बाकी उपाय काही नाही माझ्याकडे, वाचतेय.

लॅबवाली_बोरिवली

पोपटची_आई, आधी एक. सात वर्षांचा आहे ना, तर पहाटेची भूक नेहमीचीच आहे की अलीकडे वाढलीये, पाणी जास्त पितोय का, रात्री शू वाढलीये का, हे बघा. असं काही असेल तर व्हेटकडे रक्त तपासून घ्या, डायबिटीस वगैरे असू शकतो, तेव्हा सवयीचा प्रश्न म्हणून त्यावर वेळ घालवू नका. रिपोर्ट नॉर्मल आले तर मग खालचं वाचा.

माझ्याकडे दोन लॅब (लॅब्राडोर) आहेत, एक पिवळी एक काळा. भुकेच्या बाबतीत लॅब म्हणजे बीगलचे सख्खे चुलत. लॅबमध्ये याचं कारण चक्क जनुकात सापडलंय, २०१६ साली केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवलं की जवळपास पाव लॅबमध्ये पीओएमसी नावाच्या जनुकाचा एक तुकडा गायब असतो आणि त्यामुळे पोट भरल्याची जाणीव नीट होत नाही. बीगलचं मला माहीत नाही, पण मुळात सशाच्या मागावर टोळीने धावायला तयार केलेली ही जात, दिवसभर नाक चालवणार आणि माग लागला की ओरडून सगळ्यांना सांगणार हे तिचं कामच होतं, ते आता मुलुंडच्या तिसऱ्या मजल्यावर साडेचारला चालू आहे इतकंच.

आता उपाय. त्याच्या डोक्यात हिशोब साधा आहे, मी तान लावतो, आई उठते, वाटी येते. हा हिशोब मोडायचा. पण "दुर्लक्ष करा" हा सल्ला फ्लॅटमध्ये चालत नाही, कारण दुर्लक्ष सुरू केलं की बंद होण्याआधी ते वाढतं, आधी जोरात मग आणखी जोरात, आणि नेमकं त्या टप्प्यावर तुम्ही शेजाऱ्यांच्या लाजेने उठलात तर तो शिकतो की इतका वेळ ओरडायचं असतं. म्हणून आम्ही दुसरा रस्ता घेतला. टायमरवाला फीडर मिळतो ऑनलाइन, झाकण ठरलेल्या वेळी उघडतं. तो सुरुवातीला सव्वाचारला लावा, म्हणजे तो ओरडायच्या आधीच. थोडंसंच ठेवायचं त्यात, रोजच्या मापातलंच, वेगळं नाही. काही दिवसांत तो तुमच्या पलंगाशी न बसता त्या डब्याशी बसायला लागेल, आणि डब्याला कितीही तान ऐकवा, तो वेळ झाल्याशिवाय उघडत नाही! मग दर दोन-तीन दिवसांनी दहा-दहा मिनिटं पुढे सरकवा. आमच्याकडे आता साडेसहा झालेत. सोबत रात्रीचं जेवण उशिरा द्या, नऊ-साडेनऊला, त्यानंतर एक शूची चक्कर. आणि उठल्या उठल्या वाटी कधीच नाही, आधी तोंड धुवा, चहा टाका, खाली नेऊन आणा, मग कधीतरी वाटी. तुमचं उठणं आणि त्याचं खाणं यात अंतर पडलं पाहिजे.

फीडर एका खोलीत आणि आवडी दुसऱ्या खोलीत, हे मात्र विसरू नका. तिला खाण्याचं पडलेलं नाही म्हणताय पण पोपट त्या डब्याची राखण करायला लागला तर भांडणं होतील. दोघांच्या वाट्या कायम वेगळ्या जागी, एक स्वयंपाकघरात एक बेडरूममध्ये दार लावून, आणि पंधरा मिनिटांनी उरलेलं उचलायचं. आवडी कदाचित त्याच्यासमोर खायला बिचकतही असेल, बघा वेगळं दिल्यावर खाते का.

खडूस_काका

मी तुमच्या समोरच्या काकूंच्या पार्टीतला. पार्ल्याला राहतो, आमच्या समोर पण दोन आहेत, एक पग आणि एक काहीतरी पांढरं. कुत्र्यांवर राग नाही माझा, पग तर येऊन पायाशी बसतो. पण साडेचारला जाग आली की माझ्या वयात परत झोप लागत नाही आणि दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये ते जोडपं नजर चुकवून मोबाइलमध्ये बघत उभं राहतं याचा जास्त राग येतो. एकदा येऊन म्हणायचं की काका, आम्ही उपाय करतोय, पंधरा दिवस त्रास होईल, तर मी स्वतः सोसायटीत त्यांच्या बाजूने बोललो असतो. तुम्ही काकूंशी बोललायत का? पूर्ण धाग्यात त्या फक्त दिवा लावताना दिसतात.

गिरगाव_चौपाटी

लिफ्टचं सांगतो, आमच्या बिल्डिंगमध्ये यावर दोन जनरल बॉडी झाल्यात त्यामुळे कागद पाठ आहेत. ॲनिमल वेल्फेअर बोर्ड ऑफ इंडियाची फेब्रुवारी २०१५ ची गाइडलाइन्स डाउनलोड करा. त्यात स्पष्ट आहे की सोसायटीला बहुमताने ठराव करूनही पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, लिफ्ट वापरायला मनाई करता येत नाही आणि त्यासाठी वेगळे पैसेही घेता येत नाहीत. कुत्रं भुंकतं हे बंदीचं कारण होऊ शकत नाही असंही लिहिलंय. पण त्याच कागदात पुढे हेही लिहिलंय की मालकाने कुत्र्याला शांत ठेवायचा सर्वतोपरी प्रयत्न करावा, खास करून रात्री, पट्टा लावावा, घाण साफ करावी. लोक पहिलं पान फोटोकॉपी करून सेक्रेटरीच्या तोंडावर मारतात आणि दुसरं घरी ठेवतात. तुम्ही सगळंच द्या.

भांडायला जाण्याआधी स्वतःचे कागद चोख करा. पालिकेचं डॉग लायसन्स आहे ना दोघांचं? आवडीचं पण लागतं, देशी आहे म्हणून सूट नाही. दरवर्षी रिन्यू करायचं असतं आणि रेबीजच्या लसीचं सर्टिफिकेट लागतं. आमच्याकडे ज्या माणसाने सगळ्यात जास्त आरडाओरडा केला त्याच्याच कुत्र्याचं लायसन्स संपलेलं निघालं, मग मीटिंग तिथेच दुसरीकडे गेली.

पत्र लेखी द्या, पोच घ्या. भाषा नरम ठेवा. मी शेवटी एक ओळ टाकली होती की लिफ्टमध्ये आधीच कोणी असेल आणि त्यांना भीती वाटत असेल तर आम्ही पुढची लिफ्ट घेऊ. कायद्याने हे बंधनकारक नाही, पण अर्धे लोक त्या एका ओळीने गप्प झाले.

क्लिनिकातली_मी

मी डॉक्टर नाही, एका व्हेट क्लिनिकमध्ये काउंटरला आणि मदतीला असते, पावसाळ्यात आमच्याकडे काय काय येतं ते सांगते म्हणजे गिरगाव दादांचं लिफ्ट प्रकरण चालू राहूदे पण हेही होऊदे.

पोपटचं डबक्यात तोंड घालणं आधी थांबवा. लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) माणसांनाच होतो असं लोकांना वाटतं. उंदराच्या लघवीतून पाण्यात येतो आणि मुंबईत पाणी तुंबलं की कुत्र्यांनाही होतो, किडनी आणि लिव्हरवर जातो. वर्षाची लस घेताना त्यात लेप्टो आहे का ते फाइल उघडून बघा, त्याचा बूस्टर दरवर्षी लागतो. रेबीजची दिली म्हणजे सगळं झालं असं नाही. आणि एक, कुत्र्याला झाला तर त्याच्या लघवीतून घरच्या माणसांनाही होऊ शकतो, सासूबाई घरात आहेत म्हणून सांगतेय.

गोचीड. पावसात आणि पावसानंतर वाढतात. टिक फीव्हरचं लक्षण म्हणजे ताप, सुस्ती, जेवण सोडणं, हिरड्या पांढऱ्या पडणं, कधी नाकातून रक्त. आता बघा, पोपटने जेवण सोडलं तर तुम्हाला दोन मिनिटांत कळेल, आवडी तशीही खात नाही त्यामुळे तिचं कळणारच नाही. म्हणून तिच्या हिरड्यांचा रंग नेहमी कसा असतो ते आत्ता बघून ठेवा. तीन महिने चालणारी गोळी मिळते गोचिडांसाठी, वजनावर डोस असतो, व्हेटला विचारूनच द्या. खालून आल्यावर पंजे नुसते पुसू नका, बोटांच्या मधे कोरडं करा, आणि पोपटचे कान. लोंबत्या कानात ओल राहते, पावसाळ्यात कानाला वास येऊन डोकं झटकत येणारे निम्मे पेशंट बीगल, लॅब आणि कॉकर असतात.

आवडी शू दाबते त्यावर आमचे डॉक्टर सांगतात की तिला कोरडी जागा ठरवून द्या. जिथे छप्पर आहे असा कोपरा, स्टिल्ट पार्किंगमध्ये सोसायटी देणार नाही बहुतेक, पण गेटबाहेर एखाद्या बंद दुकानाची शेड, फ्लायओव्हरखाली, काहीही. तिथे रोज तिलाच एकटीला न्यायचं, शू झाली की लगेच परत, फिरायचा आग्रह नाही. आणि पाऊस थांबला की वेळ न बघता उचलून खाली! काहीजण बाल्कनीत कृत्रिम गवताचा ट्रे ठेवतात, मोठ्या कुत्र्याला सवय लागायला वेळ लागतो पण लागते. एक पूर्ण दिवस शू झालीच नाही किंवा थेंब थेंब व्हायला लागली तर मात्र थांबू नका. रात्री अडचण आली तर जवळचं चोवीस तासवालं कुठलं ते आधीच बघून नंबर फ्रिजवर लावा. मोठ्या दुखण्यासाठी परळचं बैलघोडा हॉस्पिटल आहेच, २०२४ पासून महालक्ष्मीला टाटांचं प्राण्यांचं हॉस्पिटलही सुरू झालंय.

अवांतर: येत्या सणांत शिऱ्यातले बेदाणे, कांदा घातलेलं काहीही, चॉकलेट आणि शुगरफ्री च्युइंगगम दोघांच्याही तोंडी जाऊ देऊ नका. बेदाण्याने किडनी फेल होते आणि किती खाल्ल्यावर होईल याचा भरवसा नसतो. गेल्या वर्षी सत्यनारायणाच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे रांग होती.

पोपटची_आई

बापरे किती लिहिलंत सगळ्यांनी, दुपारी डबा खाता खाता वाचलं.

लॅबवाली ताई, फीडर मागवतेय. भूक नेहमीचीच आहे पण सातव्या वर्षी तपासणी करायचीच होती ती या शनिवारी करते. आवडीला काल बेडरूममध्ये दार लावून दिलं तर वाटी साफ केली तिने!! तीन वर्षं मला वाटत होतं ही कमी खाणारी आहे. काका, काकूंशी बोलणं झालं संध्याकाळी, त्या म्हणाल्या आवाजाचं काही नाही ग, मी तशीही चारला उठते, पण तू धावताना जो स्टूल पाडतेस ना रोज, तो हळू पाड.

क्लिनिकातली_मी, फाइल बघितली, आवडीचा लेप्टो बूस्टर राहिलाय. शनिवारी दोघांना नेते.

आता लग्नाचं सांगा कोणीतरी. रेल्वेने नेता येतं का? नवरा म्हणतो गाडीने घेऊन जाऊ, हॉलवर बांधू. मी म्हटलं तुझ्या बहिणीचं तोंड बघ आधी.

गिरगाव_चौपाटी

रेल्वेने जातं, पण फर्स्ट क्लास किंवा फर्स्ट एसीचा अख्खा कूपे किंवा केबिन तुमची असेल तरच बरोबर नेता येतं, नाहीतर गार्डच्या डब्यातला डॉग बॉक्स. दोन कुत्री आणि लग्नाचं सामान, विचार करा. आवडीला डॉग बॉक्स नको.

दोनाची_एक

हॉलवर बांधू नका. बॅन्ड, फटाके, पाचशे अनोळखी माणसं आणि कोणीतरी गेट उघडं टाकणार. अनोळखी गावात सुटलेलं कुत्रं सापडत नाही.

माझ्याकडे दोन होत्या, बहिणी, एकत्रच आणलेल्या. सगळं एकत्र करायच्या, खाणं झोपणं फिरणं, आम्हाला कौतुक वाटायचं, एकमेकींना कंपनी आहे म्हणायचो. मोठीला प्लीहाचं ऑपरेशन झालं आणि ती हॉस्पिटलमध्ये असताना कळलं की धाकटीला एकटं असणं म्हणजे काय तेच माहीत नाही. दारावर नखं मारून मारून पंजे रक्ताळले तिचे. नंतर मोठी गेलीच, आणि धाकटीला एकटं राहायला शिकवायचं काम आम्हाला त्या दिवसांत करावं लागलं जेव्हा आमच्यातच काही करायची ताकद नव्हती. आता ठीक आहे ती, बाल्कनीतून कबुतरांना शिव्या घालत असते. पण तुमच्याकडे वेळ आहे म्हणून लिहितेय, रोज थोडा वेळ दोघांना वेगळं करा. एकाला तुम्ही खाली न्या, दुसरा घरात नवऱ्याजवळ. मग दुसऱ्याला. त्यात तुमची ती छत्रीची ओढाताण पण संपेल आणि आवडीला रोज अर्धा तास तरी एकटीची आई मिळेल, ती मधे घुसते ना त्यावर मला तरी याचाच उपयोग झालेला माहितीये. मग सासूबाईंसकट सगळे चपला घालून बाहेर या, दाराबाहेर नुसतं उभं राहायचं, केकाटायच्या आत परत आत. न बोलता, न कुरवाळता. मग जिन्यापर्यंत. मग दुकानापर्यंत. जुना मोबाइल घरात व्हिडिओ कॉलवर ठेवून बघायचं काय करते. चावीचा आवाज आणि चपला यांचा अर्थ तिच्यासाठी पुसट झाला पाहिजे, त्यामुळे अधूनमधून चपला घालून नुसतं सोफ्यावर बसा.

नोव्हेंबरसाठी होम बोर्डिंग बघा, पिंजऱ्यांची रांग असलेलं नाही, कोणाच्या तरी घरी. स्वतः जाऊन बघा. एका वेळी किती कुत्री ठेवतात, रात्री तिथे माणूस झोपतो का, मुख्य दाराच्या आत दुसरं दार किंवा जाळी आहे का, आजारी पडलं तर कुठल्या व्हेटकडे नेणार, हे विचारा. जो माणूस तुमच्याकडे लसींचं कार्ड मागत नाही तिथे ठेवू नका, कारण तो दुसऱ्यांकडेही मागत नसणार. केनेल कफची, म्हणजे एका कुत्र्याकडून दुसऱ्याला लागणाऱ्या खोकल्याची, लस आधी काही आठवडे होऊ दे. आणि सरळ तीन रात्री नाही, ऑगस्टमध्ये एक दुपार, मग एक रात्र, त्यांना कळू दे की इथे सोडलं तरी न्यायला येतात. खाणं तुमच्या घरचंच द्या मोजून पुड्या करून, नाहीतर पोट बिघडतं. न धुतलेली चादर द्या.

खडूस_काका

काकू चारला उठतात म्हणे. बरं. माझं म्हणणं मागे घेतो, स्टूलचं लक्षात घ्या.

पोपटची_आई

दोनाची_एक, तुमचं वाचून ऑफिसात डोळे पुसले, शेजारचा विचारतोय काय झालं. वेगळं फिरवणं आजपासूनच. सासूबाईंना सांगितलं तर म्हणतात मी पोपटला घेऊन बसते, तो माझ्याजवळ गप्प असतो. गप्प का असतो ते मला माहितीये, मारीचा पुडा त्यांच्या उशीखाली असतो. लॅबवाली ताई, मारी रोजच्या मापात कशी धरायची?

आणि मुलुंड, भांडुप, ठाण्याच्या बाजूला कोणी होम बोर्डिंगवाले माहितीत असतील तर प्लीज व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

लॅबवाली_बोरिवली

पुडाच बदला. उकडलेल्या गाजराचे, दुधीचे गोल काप डब्यात भरून सासूबाईंच्या ताब्यात द्या, मान त्यांचाच राहतो. लॅबना फरक कळला नाही, बीगलला नाक आहे, तेव्हा पहिले दोन दिवस तोंड वाकडं करेल.

खारी_बटर

व्यनि केलाय. नाहूरला आहेत, माझी मैत्रीण ठेवते तिचा कुत्रा. फक्त त्यांच्या घरात एक मांजर आहे, आवडीला चालेल का ते ऑगस्टच्या दुपारीच बघून घ्या.